जुन्या सिटी व्हीटेकच्या बॉनेटवर हवेचा स्कूप बसवावा का?

करवीर_व्हीटेक (कोल्हापूर):

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००२ सालची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. कारखान्यातून निघताना तिचे इंजिन १०६ अश्वशक्तीचे होते आणि वय झाले असले तरी त्याची तब्येत अजून उत्तम आहे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे येते, तेल जळत नाही, आणि साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे ते ज्या आवाजात गाते, त्यासाठीच मी ही गाडी तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या एका गृहस्थांकडून घेतली. त्या गृहस्थांनी फिल्टरचा मूळ प्लास्टिकचा डबा काढून टाकून त्या जागी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला होता. हा फिल्टर रेडिएटरच्या मागे, बॉनेटखालच्या उष्णतेत, कोणत्याही आडोशाशिवाय आहे.

सकाळी सहाला रंकाळ्याकडून निघून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो की गाडी अक्षरशः पळते. हीच गाडी एप्रिलच्या दुपारी दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीतून बाहेर पडते तेव्हा पहिला अर्धा-पाऊण मिनिट तिला जणू ग्लानी आलेली असते. पाय दाबला तरी ओढ येत नाही. मग वेग वाढला की हळूहळू ती सुधारते.

उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरने असे सुचवले आहे की बॉनेटच्या मध्यभागी नऊ इंच बाय चार इंचांचे भोक पाडावे, त्यावर फायबरचा स्कूप (वारा आत घेणारे उंचवट्यासारखे तोंड) बसवावा आणि तिथून तीन इंची पाइप फिल्टरपर्यंत न्यावा. रंगकामासह चौदा हजार रुपये सांगितले आहेत आणि दहा-बारा अश्वशक्ती नक्की वाढेल असे त्यांचे म्हणणे आहे. माणूस हाताने अतिशय तयार आहे, त्यामुळे कामाच्या दर्जाबद्दल मला शंका नाही. पण बॉनेट मूळचे आहे, एकदा कापले की तसे पुन्हा मिळणार नाही, म्हणून आधी इथे विचारतो आहे. वेगात असताना स्कूपमधून हवा खरोखर दाबाने इंजिनात शिरते का? आणि आमच्याकडचा पाऊस पाहता हे शहाणपणाचे आहे का? बंपरच्या मागे खाली फिल्टर नेणारे तयार संचही मिळतात. ते त्यापेक्षा बरे पडतील का?

---

चाचणीकक्ष (पुणे):

करवीर, पत्रा कापण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. मी गेली एकोणीस वर्षे इंजिनांच्या चाचणीकक्षात काम करतो आणि हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कूपच्या बाबतीत दोन निराळ्या गोष्टी नेहमी एकाच दमात सांगितल्या जातात. एक, इंजिनाला बाहेरची गार हवा मिळते. आणि दोन, गाडीच्या वेगामुळे हवा आत कोंबली जाते. पहिली गोष्ट खरी आहे आणि तुमच्या गाडीच्या दुखण्याचे मूळही तिथेच आहे. दुसरी गोष्ट तत्त्वतः खरी असली तरी आपल्या रस्त्यांवरच्या वेगात तिचा हिशोब इतका छोटा निघतो की त्यासाठी बॉनेट कापू नये.

आधी दाबाचा हिशोब पाहू. चालत्या गाडीसमोरची हवा पूर्णपणे अडवली तर जो दाब मिळतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोल्हापूरच्या उंचीला आणि उन्हाळ्याच्या तापमानाला ताशी ६० किलोमीटरवर हा दाब पाण्याच्या जेमतेम दीड सेंटिमीटर उंचीइतका असतो आणि ताशी १०० वर साधारण चार सेंटिमीटर. आता, कोल्हापुरात वातावरणाचा एकूण दाबच पाण्याच्या पावणेदहा मीटरच्या आसपास आहे. म्हणजे ताशी १०० च्या वेगाला, स्कूप अगदी आदर्श आहे असे धरले तरी, दाब अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाढतो. ताशी २०० ला तो पावणेदोन टक्क्यांपर्यंत जाईल, पण त्या वेगाला तुम्ही गाडी न्यावी असे मी म्हणणार नाही. दहा-बारा अश्वशक्ती म्हणजे तुमच्या इंजिनाच्या दहा टक्के. ती या वाटेने येणे शक्यच नाही.

आता तापमानाकडे येऊ. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे अंश सेल्सिअस अधिक २७३) व्यस्त प्रमाणात असते. बाहेर ३४ अंश असताना फिल्टरच्या तोंडाशी ६१ अंश असतील, आणि गर्दीत उघड्या फिल्टरपाशी इतके सहज होतात, तर हवेची घनता आठ टक्क्यांनी घटलेली असते. शक्ती मात्र पूर्ण आठ टक्क्यांनी घटत नाही, कारण गार हवा मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या फाटेदार पाइपातून) सिलिंडरपर्यंत जाताना गरम हवेपेक्षा जास्त तापते आणि फरक वाटेतच काहीसा भरून निघतो. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेल्या इंजिनांची शक्ती निरनिराळ्या हवामानात तुलनेसाठी दुरुस्त करून लिहिताना आम्ही जे सूत्र वापरतो, त्यात तापमानांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ घेतलेले असते. त्या हिशोबाने तुमचे नुकसान चार टक्क्यांचे आहे, म्हणजे सुमारे चार अश्वशक्ती. तुम्हाला जी ग्लानी जाणवते, तिचा एक भाग हा आहे. शिवाय गरम हवेने इंजिनात ठोके पडण्याचा (मिश्रण अवेळी पेटून खडखडण्याचा) धोका वाढतो, तो निराळाच.

आणि एक लक्षात घ्या की ही चार अश्वशक्ती नव्याने मिळवायची नाही. ती तुमचीच होती आणि मूळ डबा काढल्यामुळे गेली. कारखान्यातला डबा बंद असतो आणि बहुतेक गाड्यांत त्याची सोंड हेडलाइटच्या मागून किंवा फेंडरच्या आतून, म्हणजे रेडिएटरची हवा जिथे पोहोचत नाही अशा जागेतून हवा घेते. ज्यांनी तो आखला त्यांनी त्यावर बराच वेळ घालवलेला असतो. उघडा शंकू बसवल्यावर आवाज मोठा होतो, कारण डब्यात आणि सोंडेत आवाज शोषणारी जी पोकळी असते ती निघून जाते, आणि वाढलेल्या आवाजाला आपला कान वाढलेली ओढ समजतो. मीही तरुणपणी वर्षभर तसाच समजत होतो.

स्कूपच्या मापाबद्दलही लिहितो, कारण नऊ बाय चार इंच वाचून मला राहवले नाही. तुमचे दीड लिटरचे इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला साधारण चार हजार लिटर हवा ओढते, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ लिटर. ताशी ५० च्या वेगाला एवढी हवा आत येण्यासाठी सुमारे ४९ चौरस सेंटिमीटरचे तोंड पुरते, आणि ताशी १०० ला त्याच्या निम्मे. सात बाय सात सेंटिमीटर! फॅब्रिकेटरने सुचवलेले भोक याच्या जवळजवळ पाचपट आहे. ते दिसायला भारदस्त होईल, पण इंजिनाला त्याची गरज नाही.

माझा आग्रह एवढाच आहे की कोणतीही खरेदी करण्याआधी दोन मोजमापे करा.

पहिले मोजमाप तापमानाचे. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोक फिल्टरच्या तोंडाशी हवेत लटकत राहील असे बांधा (कोणत्याही पत्र्याला टेकू देऊ नका, नाहीतर पत्र्याचे तापमान दिसेल) आणि तार बॉनेटच्या फटीतून आत डॅशबोर्डवर आणा. सिग्नलवर उभे असताना, ताशी ४० ला आणि ताशी ८० ला आकडे लिहून ठेवा. शेजारी बाहेरचे तापमानही लिहा.

दुसरे मोजमाप अडथळ्याचे. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात, ती दोन-अडीच मीटर आणा. तिला यू आकार देऊन एका फळीवर बांधा, अर्धी भरेल इतके पाणी घाला आणि पातळी ठळक दिसावी म्हणून त्यात चिमूटभर कपड्यांची नीळ टाका. नळीचे एक टोक मोकळे सोडा. दुसरे टोक फिल्टर आणि थ्रॉटल (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या पाइपला छोटे भोक पाडून किंवा तिथे आधीच असलेल्या एखाद्या तोटीला जोडा. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला चुकूनही जोडू नका. तिथे निर्वात इतका जबरदस्त असतो की नळीतले सारे पाणी क्षणात इंजिनात जाईल. मग पूर्ण थ्रॉटल देऊन तिसऱ्या गिअरमध्ये ६,००० आरपीएमपर्यंत जा आणि शेजारी बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक वाचायला सांगा. दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक टक्का दाब फिल्टर आणि पाइप मिळून खात आहेत. जगातला सर्वांत भारी इनटेक (इंजिनात हवा नेणारी जोडणी) बसवला तरी त्या बाजूने तुम्हाला यापेक्षा जास्त काही परत मिळू शकत नाही. हे एक मोजमाप केले की जाहिरातीतले बरेच आकडे आपोआप गळून पडतात.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):

पुण्याच्या साहेबांनी शास्त्र उत्तम सांगितले आहे. मी गॅरेजवाला आहे, त्यामुळे करवीर साहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि ते मला मनापासून द्यायचे आहे.

बंपरमागे खाली फिल्टर नेणारा संच कोल्हापुरात किंवा कोकणात कृपा करून बसवू नका. हवा तिथे सर्वांत गार असते हे खरे, पण पाणीही तिथेच असते. चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये माझ्याकडे टोचन करून एक गाडी आली होती. तिचा मालक तरुण मुलगा, गाडी जिवापाड सांभाळणारा. त्याने दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून असा संच बसवून घेतला होता आणि फिल्टर धुक्याच्या दिव्याच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर आला होता. पाण्याची खोली चाकाच्या निम्म्याहूनही कमी होती, असे तो शपथेवर सांगत होता आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण समोरून ट्रक आला, त्याची लाट बंपरवर आपटली आणि इंजिन एकच खाट असा आवाज करून बंद पडले. मुलाने घाबरून तीन-चार वेळा स्टार्टर मारला.

इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, उघडले तेव्हा तीन सिलिंडरांत पिस्टन वर आल्यावर काठाशी बरोबर येत होता, आणि दुसऱ्या सिलिंडरात तो काठाच्या चार मिलिमीटर खालीच थांबत होता. वर काजळीचा जुना पट्टा जिथे संपायचा, तिथून खाली नवा चकाकता पट्टा दिसत होता. पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड बाहेर काढून काचेवर आडवा ठेवला तर मधोमध धनुष्यासारखा वाकलेला. पाणी दाबले जात नाही, म्हणून लोखंड वाकले. तुमच्या दीड लिटर इंजिनाचा एक सिलिंडर ३७५ सीसीचा. दाबप्रमाण साधारण दहास एक धरले तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा चाळीस-बेचाळीस सीसीची असते. म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाहूनही कमी पाणी एका सिलिंडरात गेले की काम संपले.

विम्याचेही ऐकून घ्या. नेहमीच्या पॉलिसीत इंजिनात पाणी ओढले गेल्याने झालेले नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जादा पैसे भरून घ्यावे लागते. आणि ते घेतलेले असले तरी विमा कंपनीला न कळवता इनटेक बदललेला असेल तर सर्व्हेअरच्या हातात नकाराचे कारण आयतेच येते. त्या मुलाला एक रुपयाही मिळाला नाही.

कधी गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, चारही स्पार्क प्लग काढा, मगच इंजिन फिरवा. पाणी असेल तर प्लगच्या भोकांतून कारंज्यासारखे बाहेर येईल आणि रॉड वाचतील.

बॉनेटवरच्या स्कूपला खड्ड्यातल्या पाण्याची भीती नाही, हे मान्य. पण गगनबावड्याचा पाऊस आडवा येतो. स्कूपमधून थेट पाइप फिल्टरवर नेला तर कागदी फिल्टर भिजून लगदा होतो आणि इंजिन गुदमरते. पाणी वेगळे होऊन खालच्या भोकातून निथळेल असा मधला डबा करावाच लागतो. दुसरे म्हणजे, बॉनेटच्या आतल्या बाजूला ज्या पन्हाळीसारख्या पट्ट्या असतात, त्यांच्यावरच बॉनेटचा ताठपणा असतो. मध्यभागी नऊ इंच कापायचे म्हणजे त्यातली एखादी पट्टी जाणारच. मग ताशी ऐंशीला बॉनेट थरथरायला लागते. आणि कापलेल्या कडेला कितीही पुट्टी आणि रंग लावा, दुसऱ्या पावसाळ्यात तिथून गंज डोकावतो. इतकी वर्षे हे काम करून सांगतो, असे एकही भोक मी दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे स्वच्छ राहिलेले पाहिलेले नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. तुमची गाडी २००२ ची, म्हणजे दर पाच वर्षांनी तिचे पासिंग करून घ्यावे लागते. बॉनेटवरचा उंचवटा निरीक्षकाला दहा पावलांवरून दिसतो.

---

सातारकर_फ्रीमाँट (कॅलिफोर्निया):

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इथे असतो. माझ्याकडे २०१७ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे आणि तिच्या बॉनेटवर कारखान्यातूनच भला मोठा स्कूप आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा तो स्कूप पाहून विचारतो की यातून इंजिनात हवा जाते का. त्यातून इंजिनाच्या पोटात काहीही जात नाही. सुबारूचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवलेला असतो. टर्बोने दाबून तापवलेली हवा त्याच्या आतून जाते आणि स्कूपमधली हवा त्याच्या पात्यांमधून बाहेरून वाहते व त्याला थंड करते. इंजिन ज्या हवेत श्वास घेते ती पुढून, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवरून येते. करवीर, आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांवरचे स्कूप हे या सुबारूच्या छायाचित्रांवरून आलेले आहेत, पण त्याखाली इंटरकूलर नसेल तर त्यांना काही कामच उरत नाही.

हवा नेमकी कुठून घ्यावी याचा विचार इथे डेट्रॉइटच्या लोकांनी फार पूर्वी केलेला आहे. १९७० च्या शेव्हरोले शेवेल एसएसमध्ये बॉनेटच्या मागच्या टोकाला एक झडप मिळायची, आणि पाय पूर्ण दाबला की ती उघडून काचेच्या पायथ्याची हवा आत घ्यायची. त्याच काळातल्या पाँटिअॅक ट्रान्स अॅमच्या स्कूपचे तोंडही मागे, काचेकडे होते. पहिल्यांदा पाहताना ते उलटे बसवल्यासारखे वाटते. कारण असे की वारा बॉनेटवरून घसरत येऊन काचेला अडतो आणि तिथे दाब साठतो. तर बॉनेटच्या पुढच्या आणि मधल्या वळणावर दाब बहुधा कमी झालेला असतो. तिथे चपटा स्कूप बसवला तर पत्र्याला चिकटून सरकणारा हवेचा मंदावलेला थर तेवढा त्याच्या वाट्याला येतो. तोंड पत्र्यापासून काही सेंटिमीटर उंच उचलल्याशिवाय त्याला स्वच्छ वारा लागत नाही. तुमच्या बॉनेटवर हे पाहायचे असेल तर लोकरीचे बोटभर लांबीचे धागे ओळीने चिकटपट्टीने लावा आणि मित्राला शेजारच्या गाडीतून चित्रीकरण करायला सांगा.

आणखी एक इशारा, ही चर्चा पुढे टर्बोवाले लोकही वाचतील म्हणून. माझ्या गाडीत फिल्टरनंतरच्या पाइपात हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर आहे. तो सगळी हवा मोजत नाही. पाइपाच्या मधल्या छोट्याशा प्रवाहात एक तापवलेला घटक किती थंड होतो ते पाहतो आणि संगणक पाइपाचा व्यास गृहीत धरून उरलेला हिशोब करतो. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ मिलिमीटरचा पाइप बसवला की क्षेत्रफळ अठरा टक्क्यांनी वाढते, तेवढ्याच हवेसाठी वेग कमी होतो, आणि संगणकाला वाटते की हवा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी आली. मग तो पेट्रोलही तेवढे कमी सोडतो. टर्बोच्या पूर्ण दाबाखाली असे पातळ मिश्रण जळणे म्हणजे पिस्टनच्या जिवाशी खेळ आहे. तुमच्या पिढीच्या होंडात मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशोब करण्याची पद्धत आहे, त्यामुळे पाइपाच्या व्यासाने ती फसत नाही. ही तुमच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. इथे कॅलिफोर्नियात मात्र इनटेकच्या भागावर राज्याच्या हवा मंडळाने दिलेला मंजुरी क्रमांक नसेल तर धूर तपासणीत गाडी तिथल्या तिथे नापास होते, मग ती कितीही स्वच्छ धूर सोडत असो.

---

करवीर_व्हीटेक (कोल्हापूर):

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण सांगितलेले सगळे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

फॅब्रिकेटरला तूर्त थांबायला सांगितले. थर्मामीटर बांधून शनिवारी दुपारी बाहेर ३१ अंश असताना फिरलो. दाभोळकर कॉर्नरला उभे असताना फिल्टरपाशी ६३ अंश, शिरोलीच्या रस्त्याला ताशी ४० ला ५७, आणि महामार्गावर ताशी ८० ला सलग दहा मिनिटे चालवूनही ५२. हा शेवटचा आकडा पाहून मला धक्काच बसला. वेग वाढला की बॉनेटखाली सगळे गार होत असेल, अशी माझी समजूत होती. रेडिएटरमधून निघालेली हवा थेट फिल्टरवर येते आहे, हे आता स्पष्ट झाले.

गवंड्याची नळी शेजारच्या बांधकामावरून मागून आणली. धाकटा भाऊ मांडीवर फळी घेऊन शेजारी बसला. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६,००० आरपीएमला निळ्या पाण्यात चार सेंटिमीटरचा फरक आला. तीन वेळा केले, तिन्ही वेळा साडेतीन ते साडेचारच्या आत.

मग एका जुन्या भागांच्या दुकानात मूळ डबा सोंडेसह अठराशे रुपयांत मिळाला. एक क्लिप तुटलेली होती, पण रबर शाबूत होते. नवा कागदी फिल्टर घालून बसवला. त्याची सोंड हेडलाइटच्या मागे, जवळपास बॉनेटच्या उंचीला जाते. आता अडथळा नऊ सेंटिमीटर येतो, म्हणजे शंकूपेक्षा दुप्पटीहून जास्त. पण ३१ अंशांच्याच दुपारी ताशी ८० ला डब्यात ३६ अंश दाखवतो, आणि गर्दीत उभे असताना ४६. चाचणीकक्ष सरांच्या पद्धतीने हिशोब केला तर महामार्गावर तापमानामुळे अडीच टक्के मिळाले आणि अडथळ्यापायी अर्धा टक्का गेला. हिशोब बरोबर आहे का, ते पाहावे.

लोकरीचे धागेही लावले. फॅब्रिकेटरने जिथे खुणा केल्या होत्या तिथले धागे पत्र्याला चिकटून सरळ मागे पडून होते. वायपरच्या जाळीजवळचे धागे मात्र उभे राहून गोल फिरत होते, काही तर चक्क पुढे वळत होते.

सिग्नलनंतरची ग्लानी आता जवळपास गेली आहे. आवाज मात्र कमी झाला, त्याचे थोडे वाईट वाटते. एकच विचारायचे आहे: उभे असतानाचे ४६ अंश आणखी खाली आणता येतील का? आणि हवा काचेच्या पायथ्याच्या जाळीतून घेतली तर, कारण तिथे पत्रा कापावा लागणार नाही?

---

चाचणीकक्ष (पुणे):

करवीर, इतके नीटनेटके मोजमाप आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांकडूनही मला क्वचित मिळते. तुमचा हिशोब बरोबर आहे. निव्वळ दोन टक्के, म्हणजे दोन अश्वशक्ती महामार्गावर, आणि गर्दीतून बाहेर पडतानाही अडथळा वजा जाता साधारण तेवढीच. पत्रा न कापता आणि पासिंगला अडचण न येता.

उभ्या गाडीतले ४६ अंश हे मुख्यतः डब्याच्या आणि सोंडेच्या तापलेल्या भिंतींमुळे आहेत. थांबलेल्या गाडीच्या चालू इंजिनाला थोडीशीच हवा लागते, ती सोंडेत रेंगाळते आणि तापते. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर तीच हवा अर्ध्या-पाऊण मीटरची वाट सेकंदाच्या तीन-चार शतांशांत पार करते, तेवढ्यात तिला तापायला वेळ मिळत नाही. त्यामुळे ४६ चे ४० करण्यासाठी फार खटपट करू नका. डबा आणि इंजिन यांच्या मध्ये अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा एक आडोसा, दोन्हींपासून बोटभर अंतर ठेवून, उभा करा. उद्यमनगरात ते तासाभराचे काम आहे आणि तुमच्या फॅब्रिकेटरच्या हाताला शोभेलही. हेडलाइटच्या मागची सोंडेच्या तोंडाभोवतीची जागा कडेने फोमच्या पट्टीने बंद करा, म्हणजे रेडिएटरची हवा वळसा घालून तिथे येणार नाही. माझ्या अनुभवात एवढ्या एका पट्टीने बराच फरक पडतो.

काचेच्या पायथ्याची जाळी मोहक वाटते, पण तिथून हवा घेण्यासाठी मधली आडवी भिंत फोडावी लागते. बॉनेटखालचा धूर आणि पेट्रोलचा वास प्रवाशांच्या कप्प्यात येऊ नये म्हणूनच ती असते. ती फोडू नका.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):

साहेबांच्या म्हणण्याला एकच जोड. डब्याच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोक असते आणि जुन्या डब्यांत ते धुळीने बुजलेले असते. पावसाळ्याआधी काडीने मोकळे करून घ्या. आणि ती तुटलेली क्लिप लगेच बदला. डब्याचे झाकण एका कोपऱ्यात जरी उचललेले राहिले तरी फिल्टर चुकवून धूळ थेट आत जाते. क्लिप कोल्हापुरात मिळाली नाही तर मला सांगा. माझ्याकडे मोडीत निघालेल्या एका सिटीचा डबा पडून आहे, त्याच्या चारही क्लिपा शाबूत आहेत.

---

करवीर_व्हीटेक (कोल्हापूर):

भोक बुजलेलेच होते, आज सकाळी मोकळे केले. चिमूटभर लाल माती निघाली. क्लिप इथे दोन दुकानांत मिळाली नाही, त्यामुळे तुमच्याकडची हवीच आहे. पुढच्या रविवारी कुंभार्ली घाटाने चिपळूणला येतो. थर्मामीटर बांधलेलाच ठेवला आहे, म्हणजे घाट चढतानाचे आकडेही मिळतील.